डब्याआधी वही : दमछाक करणारा व्यायाम आणि प्रोटीनचा हिशेब

पोलीस भरतीच्या तयारीला नवीन आलेला पोरगा आठवडाभरात कधीतरी बाजूला येऊन हळूच विचारतोच, "सर, डबा कुठला घेऊ ओ?" डबा म्हणजे प्रोटीन पावडरचा. मी उलटा प्रश्न टाकतो, "सकाळपासून काय खाल्लंस?" उत्तर ठरलेलं असतं. "काय नाय ओ. चहा-खारी."

पहाटे साडेपाचला येऊन चारशे मीटरचे सहा-आठ राउंड जीव तोडून पळायचे, त्यावर चहा-खारी, आणि वर तीन हजारांचा डबा. एवढ्यासाठीच हा लेख. डब्याला माझा विरोध नाही. मी स्वतः काही महिने घेतलाय, आणि एकदा फसलोही आहे. ते पुढे सांगतो. पण डबा हा खड्डा भरायला असतो. खड्डा केवढा आहे हे न मोजता मुरूम टाकायला निघालात तर पैसे जातील आणि रस्ता तसाच राहील.

हे कोणासाठी, ते आधी स्पष्ट करतो. धाप लागेपर्यंत पळणारे, इंटरव्हल (एक राउंड जोरात, मग थोडी विश्रांती, असं आलटून पालटून) करणारे, जिममध्ये लोड मारणारे, तालमीत लढत धरणारे, आठवड्यातून चार-पाच दिवस हे करणारे लोक माझ्या डोळ्यासमोर आहेत. आमच्या सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकडेनं सकाळी गप्पा मारत फिरणाऱ्या काकांना यातलं फारसं काही लागू नाही. त्यांनी दोन वेळचं जेवण नीट घेतलं तरी पुष्कळ.

पहिलं काम : आपला आकडा काढा

साध्या, निरोगी, फार घाम न गाळणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं परिमाण सांगतं. जोरदार व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणातले तज्ज्ञ १.४ ते २ ग्रॅम धरतात. मी १.६ धरायला सांगतो. कारण २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साधारण १.६ च्या पुढे स्नायू वाढण्यात सरासरी फरक दिसेनासा झाला. आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही हाच आकडा आहे. त्याच मार्गदर्शिकेनं शरीर कमावण्यासाठी पावडर घेऊ नका, असंही म्हटलंय. मी तिच्याशी बराचसा सहमत आहे; पूर्ण का नाही, ते डब्याच्या भागात येईल.

तेव्हा वजन गुणिले १.६. चौसष्ट किलोचा पोरगा असेल तर १०२ ग्रॅम. नव्वद किलोचा असेल आणि त्यातली चरबी उतरवायची असेल, तर सध्याच्या वजनाऐवजी जे गाठायचंय ते वजन धरा. नाहीतर आकडा उगाच फुगतो.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. जोरात पळताना शरीर मुख्यतः स्नायूत साठलेलं ग्लायकोजन जाळतं, म्हणजे भाकरी-भातातून आलेली साखर. प्रोटीनचं काम नंतरचं, झिजलेल्या स्नायूंची डागडुजी करण्याचं. पोट रिकामं ठेवून, भाकरी निम्म्यावर आणून, वर पावडर प्यायली तर शरीर ते महागडं प्रोटीनच सरपण म्हणून वापरायला लागतं. "भात सोडलाय सर," असं कोणी अभिमानानं सांगितलं की मी त्याच्या चौथ्या राउंडचं टायमिंग बघतो. तिथे सगळं कळतं.

दुसरं काम : तीन दिवसांची वही

दोन रोजचे आणि एक रविवार असे तीन दिवस जे तोंडात गेलं ते लिहा. वडापाव लिहायला लाजू नका. स्वयंपाकघरातला काटा असेल तर उत्तम, नसेल तर वाटी-चमचा चालेल. आपल्याकडच्या पदार्थांचे आकडे ढोबळ धरायचे ते असे :

ज्वारीची भाकरी, ७५ ग्रॅम पिठाची : ७ ते ७.५ ग्रॅम
तुरीचं वरण किंवा आमटी, ३० ग्रॅम कच्च्या डाळीची : ६ ते ६.५ ग्रॅम
शेंगाचटणी, २० ग्रॅम (दोन चमचे) : ५ ग्रॅम
अंडं, एक : ६ ग्रॅम
दूध, २५० मिली : ८ ग्रॅम
दही, १०० ग्रॅम : ३ ग्रॅम
पनीर, १०० ग्रॅम : १८ ग्रॅम
फुटाणे, ४० ग्रॅम : ८ ग्रॅम
सोया वडी, कोरडी ३० ग्रॅम : १५ ग्रॅम
चिकन, हाडाशिवाय कच्चं १०० ग्रॅम : २२ ग्रॅम

भाकरीचं वजन करू नका, पिठाचं करा. कडक भाकरीत पाणी जवळजवळ नसतं, मऊ भाकरीत भरपूर असतं, त्यामुळे काट्यावर दोघी फसवतात. घरी एकदा आईला विचारा, "परातीत पीठ किती घेतेस आणि त्यात भाकरी किती होतात?" हिशेब सुटला.

ज्वारीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपलं निम्मं प्रोटीन तिच्यातूनच येतं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं कौतुक मलाही आहे, पण ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचं अमायनो आम्ल (प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यातला एक) कमी असतं, आणि शिजवल्यावर ते प्रोटीन पचायला थोडं अवघडही होतं. डाळीत लायसिन भरपूर असतं. म्हणून भाकरीसोबत आमटी, पिठलं, मटकीची उसळ हे जोडपं फोडायचं नाही. चटणी-भाकरीवर दिवस काढणाऱ्याचा आकडा वहीत बरा दिसतो, अंगी लागताना तो कमी पडतो. ज्वारीचं पीठ आंबवलं की पचन सुधारतं, त्यामुळे उन्हाळ्यातली आंबील ही काही नुसती गारव्याची गोष्ट नाही.

शेंगाचटणीचं मात्र जपून. सोलापूरकराला हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, पण शेंगदाण्यात प्रोटीनच्या जवळजवळ दुप्पट तेल असतं. १०० ग्रॅम दाणे म्हणजे साडेपाचशेच्या वर कॅलरी. दोन चमचे छान, वाटीभर नको. खवट किंवा बुरशी आलेले दाणे तर चटणीत ढकलूच नयेत, त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला घातक विष असू शकतं. आणि ताक हे प्रोटीन नाही. पातळ ताकाच्या ग्लासात दोनएक ग्रॅम सापडले तरी नशीब. ते पाण्यासाठी आणि मिठासाठी प्या.

तिसरं काम : खड्डा स्वयंपाकघरातून भरा

आमच्या बॅचमधल्या वह्या साधारण अशा असतात. सकाळी चहा आणि पोहे, ५ ग्रॅम. दुपारी दोन भाकरी, आमटी, चटणी, थोडं दही, २९. संध्याकाळी वडापाव, ५. रात्री दोन भाकरी, भाजी, वरणभात, २७. बेरीज ६६. पाहिजेत १०२. खड्डा ३६ ग्रॅमचा.

आता वहीकडे नीट बघा. दुपार-रात्र वाईट नाहीच. खड्डा पडलाय तो सकाळी, नेमका पळून आल्यानंतर. तिथे तीन उकडलेली अंडी आणि ग्लासभर दूध टाकलं की २६ आले. रात्रीच्या कालवणात ३० ग्रॅम सोया वडी टाकली की १५. झाले ४१, आणि एकूण १०७. डबा कुठेच आला नाही.

अंडं न खाणाऱ्या घरातल्या पोरांनी सकाळी ८० ग्रॅम पनीर आणि दूध घ्यावं, २२ ग्रॅम होतात. सोया वडी तीच. तेही शंभरी गाठतं. वडी नुसती भिजवून टाकली की वास येतो आणि घरचे नाक मुरडतात. मीठ घातलेल्या पाण्यात उकळायची, दोनदा पिळायची, मग काळ्या मसाल्यात परतायची. एवढं केलं की तक्रार येत नाही.

अंडी उकडूनच खा. तालमीतली जुनी पद्धत कच्ची अंडी फोडून दुधात घेण्याची. ती माणसं कमावलेली होती हे खरं, पण शिजवलेल्या अंड्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रोटीन अंगी लागतं आणि कच्च्यातलं जेमतेम निम्मं. शिवाय जंतुसंसर्गाचा धोका वेगळा. बदामाच्या थंडाईचंही तसंच. दहा बदामांत अडीच ग्रॅम प्रोटीन. चवीला प्या, हिशेबात धरू नका.

सगळं प्रोटीन एका जेवणात कोंबायचं नाही. एका वेळी दर किलोमागे पाव ग्रॅम ते ०.३ ग्रॅम, म्हणजे चौसष्ट किलोच्या पोराला १६ ते २० ग्रॅम, असं चार-पाच वेळा विभागलं तर स्नायूंना त्याचा चांगला उपयोग होतो. रविवारी रात्री अर्धा किलो मटण एकट्यानं संपवलं म्हणून सोमवार ते शनिवारची भरपाई होत नाही.

मग डबा कोणाला?

माझ्या मते तिघांना. ज्याची दुसरी पाळी रात्री सुटते, सकाळी मैदान आणि मैदानावरून थेट कामावर, त्याला अंडी उकडायला वेळ नाही. जो अंडं, मांस, सोया यांपैकी काहीच खात नाही आणि ज्याचं वजन ऐंशीच्या पुढे आहे, त्याचा आकडा दूध-डाळीवर गाठता गाठता पोट फुटायची वेळ येते. आणि ज्याला जोरात पळून आल्यावर तासभर घन काही खाववतच नाही, तो. या तिघांना एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) सोयीचा पडतो म्हणून मी सरसकट नको म्हणत नाही. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

पैशांचं गणित करून बघा. धरा, किलोचा डबा ३००० रुपयांना, ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन. डब्यात ३० स्कूप, म्हणजे ७२० ग्रॅम प्रोटीन. ग्रॅमला चार रुपयांच्या वर. अंडं सात रुपयांना धरलं तर ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. सोया वडी १५० रुपये किलो धरली तर ग्रॅमला फक्त तीस पैसे. भाव रोज बदलतात, पण दुकानात उभं राहून डब्याची किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन एवढा एक भागाकार कराच. "ऑफर" शब्दाची सगळी जादू त्यात उतरते.

विकत घेताना

फसलो ते इथेच. एका दुकानात नामांकित परदेशी ब्रँडचा डबा निम्म्या किमतीत मिळाला. "सील आहे ना, मग झालं," असं दुकानदार म्हणाला आणि मीही मान डोलावली. घरी पाण्यात ढवळली तर पिठासारखी बसली, जीभ गोड झाली. डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव नव्हतं, बॅच नंबरच्या जागी नुसती शाई पुसलेली. परत न्यायला गेलो तर बिल मागितलं, आणि बिल मी घेतलंच नव्हतं. तेव्हा पहिला नियम, पक्कं बिल. त्यानंतर :

एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक डब्यावर हवा. परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता हवा. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि मुदत नीट वाचता आली पाहिजे. मोबाइलवरून कोड तपासायची सोय असेल तर ती दुकानातच करा, घरी जाऊन नाही.

मग मागची बाजू वाचा. पुढची बाजू दंडांच्या फोटोसाठी असते. "१०० ग्रॅममध्ये प्रोटीन किती" ही ओळ शोधा. व्हे म्हणजे दुधातून काढलेलं प्रोटीन. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये ७० ते ८०, जास्त शुद्ध केलेल्या आयसोलेटमध्ये ९० च्या आसपास असतं. पन्नाशीच्या खाली असेल तर तुम्ही बहुतेक साखरपीठ घेताय. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी लिहितात. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन (पिठापासून बनवलेली, साखरेसारखी पावडर) असेल तर तो गेनर, म्हणजे नुसतं वजन वाढवायचा डबा आहे, ठेवून द्या. त्यापेक्षा दोन केळी आणि दूध.

एक लबाडी अशी चालते. प्रयोगशाळेत प्रोटीन सहसा थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ सारख्या आकड्यानं गुणतात. म्हणून काही उत्पादक ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमायनो आम्लं मिसळतात. नायट्रोजन वाढतो, आकडा फुगतो, स्नायूला मात्र काही मिळत नाही. घटकांत ही नावं वेगळी दिसली, किंवा "ब्लेंड" म्हणून प्रमाणच लपवलं असेल, तर दुसरा डबा बघा. ही भीती उगाच नाही. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती आतल्या मालाशी जुळत नव्हती, आणि काहींत अफ्लाटॉक्सिनही सापडलं.

कॉन्सन्ट्रेट की आयसोलेट? दूध पचत असेल तर कॉन्सन्ट्रेट. दुधानं पोट फुगत असेल, गॅस होत असेल तर आयसोलेट, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) फार कमी असतं. बीसीएए म्हणून तीन अमायनो आम्लांचा वेगळा डबा विकतात, तो कोणालाच नको, ती तिन्ही व्हेमध्ये आधीच असतात. डब्यासोबत "ही गोळी पण घे, लवकर फुगशील" असं कोणी म्हणालं तर त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नका. आणि जे राज्य-राष्ट्रीय स्पर्धा खेळतात त्यांनी ध्यानात ठेवावं, डोपिंगच्या चाचणीत "पावडरमध्ये काय होतं मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची.

घ्यायचा कसा

एक स्कूप, २५० मिली साधं पाणी किंवा गार दूध. व्यायाम संपल्यावर तास-दोन तासांत. अर्ध्या तासात घेतलं नाही तर सगळं वाया गेलं, असं काही नसतं. दिवसभराची बेरीज महत्त्वाची, वेळ त्यानंतर. सोबत केळं किंवा भाकरी हवीच, ग्लायकोजन भरायला. उकळत्या दुधात टाकलीत तर गुठळ्या होतील. प्रोटीन नष्ट होत नाही, फक्त पिववत नाही. नवीन असाल तर पहिले चार दिवस अर्धा स्कूप घेऊन पोट काय म्हणतंय ते बघा.

आपल्या उन्हाचा वेगळा विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो तेव्हा मैदानातलं काम सकाळी सातच्या आत संपवा. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी असं पोटात गेलं पाहिजे. प्रोटीन जास्त खाल्लं की युरिया जास्त तयार होतो आणि तो बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी लागतं. कालवलेला शेकर गाडीच्या डिकीत ठेवून दुपारी प्यायचा नाही, त्याचं नासकं दूध झालेलं असतं. कोरडी पावडर न्या, पाणी तिथे घाला. डबा पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवू नका, आणि ओला चमचा आत घालू नका.

उपवासाचं विचारतात. श्रावणी सोमवारी किंवा नवरात्रात साबुदाण्याच्या खिचडीवर इंटरव्हल मारणारे आमच्याकडे निघतात. साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नाही, जे आहे ते खिचडीतल्या शेंगदाण्याचं. त्या दिवशी राजगिरा, दूध, दही, पनीर यांवर भर द्या आणि मैदानात हलकं काम ठेवा. व्हे दुधापासूनच बनते, तरी उपवासाला चालते का हे घरच्यांना विचारा. तो निर्णय माझ्या अधिकारातला नाही. रोजे ठेवणाऱ्या पोरांना मी व्यायाम इफ्तारनंतर तासा-दीड तासानं करायला सांगतो. इफ्तार, रात्रीचं जेवण आणि सेहरी या तिन्हींत प्रोटीन वाटून घ्यायचं, सेहरीला अंडी आणि दही न चुकता.

कोणी थांबायचं

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या मधुमेही आणि रक्तदाबवाल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय डबा उघडू नये. अठराच्या आतल्या पोरांना मी देऊच देत नाही, त्यांना अंडी-दूध पुरतं. निरोगी मूत्रपिंडांना या प्रमाणातल्या प्रोटीननं इजा होते असा पुरावा नाही. पण आपली मूत्रपिंडं निरोगी आहेत हे पुष्कळांनी तपासलेलंच नसतं. सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडं कशी चालतात ते कळतं) आणि लघवीची साधी तपासणी करा.

मुलींचं एक वेगळं सांगतो. आठशे मीटरला दम लागतो, पाय ओढत नाहीत, म्हणून प्रोटीन मागायला येतात. मी आधी हिमोग्लोबिन बघायला लावतो, आणि शाकाहारी असेल तर बी-१२ सुद्धा. रक्त कमी असेल तर डब्याचा डोंगर पोटात घातला तरी टायमिंग हलत नाही.

आणि हे कोणी विसरू नका : पहिल्याच आठवड्यात उन्हात अंग मोडेस्तोवर काम केलं, दुसऱ्या दिवशी स्नायू कडक सुजले आणि लघवी कोलासारखी काळपट झाली, तर ते "चांगला पंप बसला" असं नसतं. स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरलेला असतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शेक नाही, गोळी नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

सहा आठवड्यांनी

वही पुन्हा काढा. दर रविवारी सकाळी रिकाम्या पोटी वजन, बेंबीपाशी कंबर, आणि पंधरा दिवसांतून एकदा सोळाशे मीटरचं टायमिंग, एवढंच लिहायचं. टायमिंग उतरलं, कंबर तेवढीच राहिली, तर चाललंय ते चालू द्या. वजन आणि कंबर दोन्ही वाढले आणि टायमिंग जागेवरच, तर आधी चटणीचे चमचे मोजा, मग संध्याकाळचा वडापाव, मग स्कूप. काहीच हललं नाही तर डबा संपल्यावर महिनाभर दुसरा आणू नका, त्या पैशाची अंडी आणा, आणि रात्री मोबाइल साडेनऊला ठेवून झोपा. पुढच्या चाचणीला वही घेऊन या, मी बघतो.